निजलेलें इंजिन

यंत्र चालतां चालतां बिघडलें तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. जें फिरतें तें झिजतें, जें तापतें तें केव्हां तरी जळतें, हें आपण मनाशीं धरलेलेंच असतें. परंतु मे महिन्याच्या अखेरीस उत्तम चालत असलेलें इंजिन स्वच्छ पुसून झांकून ठेवावें, त्याला दोन महिने कोणीं बोटहि लावूं नये, आणि श्रावणांत त्याचें हँडल मारूं लागावें तों त्यानें हूं कीं चूं करूं नये, ही गोष्ट मनाला पटत नाहीं. कामानें थकणें समजतें. विसाव्यानें आजारी पडणें समजत नाहीं. वास्तविक आम्हां प्राध्यापकांना तरी तें समजावयास हरकत नाहीं. उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीनंतर पहिल्या तासाला आमची वाणी किती झटक्यांनीं सुरू होते हें ज्यांनीं समोर बसून पाहिलें आहे, त्यांना या लेखांत नवीन असें थोडेंच सांपडेल.

होड्यांच्या इंजिनांविषयीं इंग्रजींत पुष्कळ पुस्तकें आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत हिवाळी मुक्कामावर एक स्वतंत्र प्रकरण असतेंच. तिकडे शरद् ऋतु संपतां संपतां होडी पाण्याबाहेर काढावयाची आणि वसंतांत पुन्हां लोटावयाची, असा शिरस्ता. त्या प्रकरणांतला मुख्य आरोपी म्हणजे थंडी. पाण्याचा बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें, आणि इंजिनाच्या पोटांत विसरून राहिलेलें तांब्याभर पाणी तेवढ्या फुगण्यानें बिडाचा जाड ठोकळा उभा चिरूं शकतें. म्हणून तें पाणी काढून टाकावें, नाहीं तर त्यांत न गोठणारें द्रव्य मिसळावें, हा तिकडचा पहिला उपदेश. हीं पुस्तकें आपल्याकडे वाचणारास असें वाटण्याचा संभव आहे कीं, 'हिवाळा' या शब्दाच्या जागीं 'पावसाळा' घातला म्हणजे भाषांतर पुरें झालें. तसें होत नाहीं. कोंकणांत आषाढांतल्या ऐन मध्यरात्रींहि इंजिन गोठत नाहीं, तें भिजतें. तिकडे थंडी आरोपी, इकडे ओल आरोपी. आणि ओलीची चाल थंडीहून फार निराळी, फार सावकाश व फार घरगुती आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. ऑगस्ट उजाडला कीं कायद्यानें समुद्र मोकळा होतो. परंतु समुद्राला कायदा ठाऊक नसल्यामुळें लहान होड्यांचे मालक बहुधा नारळी पौर्णिमेचा नारळ वाहिल्यावांचून बाहेर पडत नाहींत. या दिवसांत होडी खाडीच्या कांठीं वर ओढलेली असते, तिच्यावर झांपांचें किंवा ताडपत्रीचें छप्पर असतें, आणि त्या छपराखालीं इंजिन निजलेलें असतें. निजलेलें, असें आपण म्हणतों. वस्तुतः त्याच्या अंगांत या काळांत पुष्कळ उलाढाल चाललेली असते.

तेलाची टांकीच घ्या. ती अर्धी रिकामी असली तर त्या रिकाम्या भागांत हवा असते. दुपारीं ती हवा थोडी फुगून टांकीच्या श्वासनळीवाटे बाहेर जाते, रात्रीं आंकसून बाहेरची ओली हवा आंत ओढते, आणि गार पडलेल्या पत्र्यावर त्या ओलीचे थेंब धरतात. अशा साठ रात्री. पाणी तेलाहून जड, म्हणून तें तळाशीं बसतें. खालीं पाणी आणि वर डिझेल अशी सोय झाली कीं त्या दोहोंच्या सीमेवर सूक्ष्म जंतूंची वस्ती वाढूं लागते. ते राहतात पाण्यांत आणि खातात तेल. त्यांच्या वाढीनें काळपट, बुळबुळीत साय धरते, आणि ती पुढें फिल्टरांत अडकते. इकडे बॅटरी असल्यास ती आपोआप उतरत जाते व तिच्या टोकांवर हिरवापांढरा क्षार फुलतो. समुद्राचें पाणी खेंचणाऱ्या पंपाचें रबरी चक्र एकाच बाजूला दबून राहिल्यामुळें तसेंच वांकडें होऊन बसतें. जुनें वंगण बदललेलें नसेल तर त्यांतलें आम्ल धातूला हळूहळू खात राहतें. यांतील एकाहि गोष्टीचा आवाज होत नाहीं.

आतां हें इंजिन सुरू होतें तरी कसें, तें थोडें सांगितलें पाहिजे. कारण पुढला सारा वाद त्यावर उभा आहे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. तेथें नुसती हवा कोंडून ती मूळ आकाराच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबतात. सायकलला हवा भरतांना पंप हाताला गरम लागतो, तोच हा नियम; फक्त येथें ती हवा ५०० अंश सेल्सिअसच्याहि वर तापते. नेमक्या त्या क्षणीं बारीक छिद्रांतून तेलाचे तुषार तिच्यांत सोडले कीं तें तेल आपोआप पेट घेतें. म्हणजे इंजिनाच्या मागण्या मोजक्याच: दाब टिकला पाहिजे, फिरकी पुरेशी जलद पाहिजे, हवा पाहिजे आणि तेल पाहिजे. त्या तेलांत मात्र हवेचा बुडबुडाहि चालत नाहीं. तेल दबत नाहीं म्हणून पंपाचा जोर पुढें पोंचतो. बुडबुडा दबतो, आणि तो सारा जोर एकटाच खाऊन टाकतो.

ज्याच्या नांवानें हें इंजिन ओळखलें जातें त्या रुडॉल्फ डिझेललाहि न सुरू होणाऱ्या इंजिनाचें दुःख चांगलें परिचयाचें होतें. १८९३ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें त्यानें उभें केलेलें पहिलें इंजिन स्वतःच्या बळावर चाललेंच नाहीं. १८९४ सालीं तें मिनिटभर चाललें. आणि जगाला दाखवितां येईल असें इंजिन तयार व्हावयास १८९७ साल उजाडलें. हाच मनुष्य पुढें १९१३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडला जातांना आगबोटीवरून रात्रींतून नाहींसा झाला. ज्याच्या यंत्रानें पुढें जगांतल्या नौका चालल्या त्याचा शेवट समुद्रांत व्हावा, हें आम्हांस नेहमींच चमत्कारिक वाटत आलें आहे. असो.

दाभोळच्या खाडीकांठीं आमचें वडिलोपार्जित घर आहे. शेजारीं एका तांडेलांचें घर. ते आमच्याहून सात-आठ वर्षांनीं वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतों, आणि ते आम्हांला भाऊ म्हणतात. गेल्या श्रावणांत आम्ही कांहीं दिवस तेथें होतों. त्या वेळीं दादांच्या घरीं चूल पेटत होती, पण तीन दिवस इंजिन पेटत नव्हतें. होडी पाण्यांत लोटून झाली होती. इंजिन दोन सिलिंडरांचें, हातानें फिरवावयाचें. थोरल्या मुलानें हँडल मारून मारून खांदे भरून आणले. अखेर त्यानें त्या फिरवण्याचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून तालुक्याच्या गांवीं इंजिनें दुरुस्त करणाऱ्या एका इसमाकडे पाठविला. आणि त्या इसमानें दुकानांत बसल्या बसल्या निकाल दिला कीं, तेलाचा पंप गेला, नवा घालावा लागेल. मजुरीसकट पंचवीस हजार रुपये.

हंगामाच्या तोंडीं दर्यावर्दी घरांत पंचवीस हजार रुपये नसतात. जाळीं दुरुस्त करावयाचीं, खलाशांना उचल द्यावयाची, बर्फ आणि तेल उधारीवर आणावयाचें, आणि पहिल्या पंधरवड्यांत जी कोळंबी लागेल तिच्यावर हें सारें फेडावयाचें, असा तो व्यवहार असतो. तो पंधरवडा चुकला कीं देणें वर्षभर अंगावर बसतें. वहिनींनीं हातांतल्या पाटल्या काढून रुमालांत बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं पतपेढी उघडली कीं त्या तिकडे जावयाच्या होत्या. मुलाचें म्हणणें असें कीं एवढें करून जुन्या इंजिनाला नवा पंप घालण्यापेक्षां होडीच विकावी आणि आपण मुंबईस जावें. दादा त्यावर कांहींच बोलत नव्हते, आणि त्यांच्या न बोलण्याची आम्हांस अधिक भीति वाटत होती.

त्याच दुपारीं पलीकडच्या धोपाव्याहून फेरीबोटीनें एक म्हातारे मिस्त्री आले. दादांनींच त्यांना निरोप धाडला होता. त्यांनीं येतांक्षणीं इंजिनाला हात लावला नाहीं. चहा घेतला, आणि मुलाला विचारलें, "हँडल मारलास तेव्हां धूर येत होता काय रे?"

"नाय."

"पांढरा पण नाय?"

"कुठलाच नाय."

"आणि नोझल बोलत होता काय?"

मुलाला हा प्रश्न कळला नाहीं. खरें म्हणजे आम्हांसहि कळला नाहीं. मिस्त्री उठले. त्यांनीं आधीं झडपा उचलून धरणारी कळ वर केली आणि हँडल अगदीं सावकाश, जात्याच्या पहिल्या फेऱ्यासारखें, दोनदां फिरविलें. चाक मोकळें फिरलें, म्हणजे सिलिंडरांत पाणी शिरलेलें नाहीं आणि कांहीं धरलेलेंहि नाहीं. मग वंगणाची काडी काढून बोटानें पुसून पाहिली. वंगणांत पाणी मिसळलें असतें तर तें ताकासारखें पांढुरकें दिसतें, तसें तें नव्हतें. मग मुलाला जोरानें फिरवावयास लावून ते स्वतः कान देऊन बसले. तेलाचे तुषार सुटतांना नोझलाचा 'कर्र, कर्र' असा बारीक आवाज येतो. त्यालाच ते नोझल बोलणें म्हणत होते. आवाज आला नाहीं.

येथपर्यंत तालुक्याच्या इसमाचा निकाल आणि मिस्त्रींची तपासणी यांत कांहींच विरोध नव्हता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. धूर नाहीं, आवाज नाहीं, म्हणजे तेल सिलिंडरांत पोंचत नाहीं. आणि पंप गेला असला तरीहि असेंच होणार. तो इसम मूर्ख नव्हता. लक्षणांना लागू पडणारें एक कारण त्याच्या हातीं लागलें, आणि तेथें तो थांबला. शिवाय त्याच्या दुकानांत विकावयास पंप होता. मिस्त्रींच्या जवळ विकावयास कांहींच नसल्यामुळें ते पुढें गेले. त्यांनीं पंपाच्या अलीकडचा एक लहानसा स्क्रू दोन फेरे सैल केला आणि हातपंप दाबला. स्वच्छ तेल यावयाचें तेथें फेंस आला, आणि मग तोहि येईना.

"पंप उपाशी आहे, सर," ते आम्हांकडे वळून म्हणाले. "उपाशी माणसाला मेला कसा म्हणायचा?"

फिल्टरची वाटी उघडली तेव्हां तिच्यांतलें तेल त्यांनीं एका कांचेच्या बाटलींत ओतून बाजूला ठेवलें. पांच मिनिटांनीं बाटलींत तीन थर दिसूं लागले: खालीं पाणी, वर डिझेल, आणि मध्यें काळ्या लेसीसारखी ती साय. टांकीच्या तळाचा नळ सोडून पाणी काढलें, नवा फिल्टर घातला, आणि मग हवा काढण्याचें तें कंटाळवाणें काम सुरू झालें. फिल्टरचा स्क्रू सैल करावा, हातपंप दाबावा, फेंस जाऊन अखंड धार आली कीं स्क्रू आवळावा, मग पंपाजवळचा, मग नोझलाशीं जाणाऱ्या नळ्यांच्या टोकांच्या चाक्या. टांकीकडून इंजिनाकडे, याच क्रमानें. उलट गेलें तर मागचा बुडबुडा पुन्हां पुढें येतो. या कामांत आम्हांला कंदील धरण्याचें काम मिळालें होतें. कंदील म्हणजे मोबाइलचा दिवा. तो अर्धा तास एका जागीं स्थिर धरणें हें व्याख्यान देण्याहून पुष्कळच कठीण आहे.

पुन्हां हँडल फिरलें तेव्हां नोझल बोलला. चौथ्या फेऱ्याला कळ खालीं पडली, पांढऱ्या धुराचा एक लोट उठला, आणि इंजिन धडधडूं लागलें. धूर विरळ झाला, धुराच्या वाटेनें थंडाव्याचें पाणीहि बाहेर पडूं लागलें. कांठावरचीं पोरें ओरडलीं. वहिनी दारांत आल्या. आणि नऊ-दहा मिनिटांनीं, कोणी कशालाहि हात लावला नसतां, इंजिनाचा आवाज बारीक होत होत बंद पडला.

"पंपच," मुलगा म्हणाला. वहिनी आंत गेल्या.

मिस्त्रींनीं कांहीं केलें नाहीं. त्यांनीं तंबाखू मळली आणि पाव तास बसून राहिले. मग म्हणाले, "मार बघूं." इंजिन दुसऱ्या फेऱ्याला सुरू झालें, नऊ-दहा मिनिटें चाललें, आणि पुन्हां तसेंच बंद पडलें. या वेळीं मात्र मिस्त्रींचा चेहरा उजळलेला दिसला. आम्हांला त्याचें कारण पुसल्यावांचून राहवेना. त्यांनीं सांगितलें तें असें: झिजलेला पंप बसल्या बसल्या बरा होत नाहीं. जें विसाव्यानें बरें होतें आणि ठराविक वेळानें पुन्हां बिघडतें, त्यांत मोडलेलें कांहीं नसतें. कोठें तरी कांहीं तरी सांचत असतें, आणि बसल्यावर ओसरत असतें.

त्यांनीं टांकीचें झांकण फिरविलें. 'सूं' असा आवाज करून बाहेरची हवा आंत शिरली. झांकण उघडें ठेवून इंजिन सुरू केलें. तें अर्धा तास चाललें. झांकण बंद केलें. दहा मिनिटांच्या आंत थांबलें. पुन्हां उघडलें, पुन्हां चाललें.

जॉन स्टुअर्ट मिल याचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कारण शोधण्याच्या ज्या पांच पद्धति सांगितल्या आहेत त्या आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. त्यांतली व्यतिरेकपद्धति ती हीच: दोन प्रसंग सर्वांशीं सारखे ठेवावे, एकच गोष्ट बदलावी, आणि कार्य बदललें तर ती गोष्ट कारण किंवा कारणाचा भाग समजावी. परीक्षेंत हें वाक्य विद्यार्थी बिनचूक लिहितात. झांकण उघडून आणि मिटून मात्र आजवर एकानेंहि दाखविलें नाहीं, आणि आम्हीहि कोणाला तसें सांगितलें नाहीं. वर्गांत टांकी नसते. अशा माणसाला आपण 'अनुभवी' म्हणतों आणि त्याच्या कौशल्याचा विचार तेथेंच संपवितों. अनुभव तालुक्याच्या इसमालाहि कमी नव्हता. त्यानेंहि शेंकडों इंजिनें उघडलीं असतील. फरक प्रश्नांच्या क्रमांत होता. जो प्रश्न विचारावयास पैसा पडत नाहीं आणि ज्याचें उत्तर नुसतें होय किंवा नाहीं असें येतें, तो मिस्त्री आधीं विचारीत; मग चार आण्यांचा प्रश्न; पंचवीस हजारांचा प्रश्न सर्वांच्या शेवटीं. महाग कारण नेहमींच खोटें असतें असें नव्हे. पंप कधीं कधीं खरोखरीच जातात. परंतु महाग प्रश्न आधीं विचारला कीं पुढचे विचारावयास गरिबाजवळ कांहीं उरत नाहीं, ही गोष्ट मिलच्या ग्रंथांत नाहीं.

टांकीची श्वासनळी म्हणजे बगळ्याच्या मानेसारखी खालीं वांकविलेली, करंगळीएवढी लोखंडी नळी. तेल खर्च होतें तसतशी हिच्यावाटे हवा आंत यावयाची. ती न आली तर टांकींत पोकळी वाढत जाते आणि तेल खालीं उतरेनासें होतें. मिस्त्रींनीं तिच्या तोंडांत तार घातली. ती बोटभर जाऊन अडली. त्यांनीं ती फिरविली, तशी कोरड्या मातीचीं ढेकळें खालीं पडलीं, आणि त्या मातींत चार-पांच मेल्यासारखे पडलेले लहान कोळी. कुंभारीण! भिंतीच्या कोपऱ्यांत, कुलुपाच्या भोकांत मातीचें घर बांधणारी ती सडपातळ माशी. झांपांच्या छपराखालीं बाहेर धो धो पाऊस असतां एवढी सुकी, अरुंद, निवांत जागा तिला कोठें मिळणार? पिलांच्या बेगमीसाठीं तिनें ते कोळी नांगी मारून आंत भरून ठेवले होते.

"झारींतला शुक्राचार्य!" तीन दिवसांत दादा पहिल्यांदाच मोठ्यानें बोलले.

मग पुढच्या पावसाळ्याचें बोलणें निघालें. सर्व इंग्रजी पुस्तकें सांगतात त्याप्रमाणें टांकी कांठोकांठ भरून ठेवावी, म्हणजे आंत हवाच राहत नाहीं व पाणी धरत नाहीं, असें आम्ही सुचविलें. दादा हंसले. "भाऊ, मे महिन्यांत टांकी भरायला पैसे असते तर मग काय पाहिजे होतें?" पुस्तकें ज्यांच्यासाठीं लिहिलेलीं असतात त्यांच्या टांक्या भरलेल्या असतात, हें आमच्या ध्यानांत त्या वेळीं आलें. मिस्त्रींजवळ दुसरा तोडगा होता: भरतां येत नसेल तर पुरती रिकामी करा, कोरडी पुसा, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, पण अर्धी ठेवूं नका. आणि जुनें वंगण निजवण्याच्या आधीं बदला, उठविल्यावर नव्हे. दादांनीं तेथल्या तेथें घरांतून चहाची जुनी गाळणी आणविली, तिची जाळी कापून नळीच्या तोंडाला तारेनें आवळून टाकली.

मिस्त्रींनीं फिल्टरची किंमत व वर पांचशें रुपये घेतले, आणि शेवटची फेरी गांठण्यासाठीं ते लगबगीनें निघाले. ती मातीचीं ढेकळें मुलानें कां कोण जाणे एका काड्यापेटींत भरून ठेवलीं. दिवेलागणीला तालुक्याच्या दुकानांतून फोन आला: पंप बाजूला काढून ठेवला आहे, उद्यां केव्हां येतां? दादांनीं "तूर्त नको" एवढेंच सांगितलें. पहांटे साडेतीनला भरती होती, आणि खलाशांना निरोप जावयाचे राहिले होते.